गप्पी मासा आणि वरळीची विहीर

"डासांचे निर्मूलन करण्याचे उपाय लिहा." मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने या प्रश्नाचं उत्तर आयुष्यात एकदा तरी लिहिलेलं असतं. डबकी बुजवावीत. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा. साठलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडावेत. या शेवटच्या मुद्द्याखाली मी नेहमी एक मासा काढायचो. लंबगोल, त्रिकोणी शेपटी, एक डोळा. गप्पी म्हणजे गप्पा मारणारा, म्हणून त्याचं तोंड उघडं. बाईंनी कधी मार्क कापले नाहीत, त्यामुळे माझा तसाच समज होता.

हे सगळं आठवायचं कारण गेल्या जुलैत घडलं. आमच्या सोसायटीत एकाच आठवड्यात मलेरियाचे दोन पेशंट निघाले. त्यातला एक शेजारचा सात वर्षांचा मुलगा. एरवी जिन्यावरून धडधडत उतरणारा पोरगा दुपारी चारच्या ठोक्याला दोन गोधड्यांखाली कुडकुडत पडलेला बघितला की 'साथ' या शब्दाचा अर्थ वेगळाच कळतो.

वरळीत आता जिकडे बघावं तिकडे टॉवर असले, तरी आमच्या जुन्या बिल्डिंगच्या मागे एक विहीर शिल्लक आहे. पाणी बागेला आणि गाड्या धुवायला वापरतात. त्यामुळे संशय ताबडतोब विहिरीवर गेला. सेक्रेटरी काकांनी ओळखीतून कुठूनतरी प्लॅस्टिकच्या पिशवीत पन्नासेक मासे आणवले आणि शनिवारी सकाळी माझ्या हातात ठेवले. "तू इंजिनियर आहेस ना? एवढे गप्पी मासे विहिरीत सोडून ये." सॉफ्टवेअर इंजिनियर असण्याचा आणि मासे सोडण्याचा काय संबंध, हे विचारायच्या फंदात मी पडलो नाही. सोसायटीत इंजिनियर म्हणजे पंख्यापासून प्रिंटरपर्यंत सगळं.

विहिरीवर गेलो, सोडण्याआधी सहज मोबाईलच्या टॉर्चने आत बघितलं. पाण्याला चिकटून, अगदी पृष्ठभागालगत, आठ-दहा चांदीचे ठिपके चमकत होते. ठिपके हलले. मासे होते ते! प्रत्येकाच्या डोक्यावर मधोमध एक टिकली. म्हणजे विहिरीत आधीपासून कोणीतरी राहत होतं. मग ही नवी पन्नास मंडळी तिथे सोडायची की नाही? आणि मुळात पिशवीतले हे मासे नक्की कोण?

पिशवी घेऊन मी घरी परत आलो. आईने कपाळाला हात लावला. वीकेंड त्यातच गेला, आणि त्यातून हा लेख.

आधी नावाचं बघू. गप्पीचा गप्पांशी काडीचा संबंध नाही. (माझं उघड्या तोंडाचं चित्र बाद.) रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी नावाचे एक इंग्रज गृहस्थ एकोणिसाव्या शतकात त्रिनिदाद बेटावर राहायचे. शिंपले, जीवाश्म, मासे गोळा करायचा नाद. त्यांनी तिथल्या ओढ्यातले काही इटुकले मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले. तिथले मत्स्यतज्ज्ञ आल्बर्ट ग्युंथर यांनी १८६६ मध्ये पाठवणाऱ्याच्या मानासाठी माशाला 'गिरार्डिनस गप्पिआय' असं नाव दिलं.

पण हे नाव टिकलं नाही. कारण तोच मासा आधीच दोनदा 'सापडून' झाला होता. १८५९ मध्ये बर्लिनच्या विल्हेल्म पीटर्स यांनी व्हेनेझुएलातल्या काराकासच्या नमुन्यांवरून त्याला 'पोइसिलिया रेटिक्युलाटा' म्हटलं होतं, आणि १८६१ मध्ये इटलीच्या दे फिलिप्पी यांनी बार्बाडोसच्या नमुन्यांवरून 'लेबिस्टेस' नावाचा नवा वंशच काढला होता. एक मासा, तीन शहरांतली तीन माणसं, तीन वेगवेगळे वंश. आमच्याकडे तीन टीमनी एकच फंक्शन तीन नावांनी लिहावं, तसं. प्राणिशास्त्रात पहिल्या नावाचा मान असतो, त्यामुळे पीटर्स जिंकले. गप्पीसाहेबांचं नाव शास्त्रातून गेलं, पण बोलण्यातून गेलं नाही. ते इंग्रजीतून मराठीत आलं आणि इथे आल्यावर त्याला आयता मराठी अर्थही मिळाला.

'रेटिक्युलाटा' म्हणजे जाळीदार. गप्पीच्या मादीला रंग नसतो, पण तिच्या खवल्यांच्या कडा किंचित गडद असतात, त्यामुळे अंगावर बारीक जाळी विणल्यासारखी दिसते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता हा दक्षिण अमेरिकेतला मासा आपल्या विज्ञानाच्या पेपरात कसा आला? त्यासाठी मुंबईच्या विहिरींत उतरावं लागतं.

१८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने मुंबईत आलं. त्यानंतर १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. त्याआधी शहर जगत होतं ते विहिरी आणि तलावांवर. धोबी तलाव, गवालिया टँक, सी. पी. टँक, दोन टाकी... आज यातल्या एकाही ठिकाणी तलाव किंवा टाकी नाही, नुसते बसस्टॉप आहेत. तलाव बुजले, पण घराघरांच्या आवारातल्या विहिरी मात्र नळ आल्यावरही राहिल्या. आणि त्यांच्यात राहायला आला एक विशिष्ट डास, 'अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्साय'. या डासाचं शास्त्रीय वर्णन १९०१ मध्ये ग्लेन लिस्टन यांनी केलं. हेच लिस्टन पुढे परळच्या प्रयोगशाळेत (आजची हाफकिन संस्था) प्लेग, उंदीर आणि पिसवा यांचा संबंध शोधणाऱ्यांपैकी एक. बहुतेक अ‍ॅनोफिलीसना खेडं, ओढे, भातशेती आवडते. स्टीफेन्सायला शहर आवडतं. विहीर, हौद, टाकी, कारंजं अशा माणसाने बांधलेल्या स्वच्छ पाण्यात तो अंडी घालतो. पक्का मुंबईकर म्हणायला हरकत नाही :)

१९११ मध्ये चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाच्या कारणांवरचा अहवाल दिला आणि बोट सरळ विहिरींकडे दाखवलं. विहिरी बुजवा, नाहीतर डास शिरणार नाही अशी झाकणं बसवा. पालिकेने नोटिसा काढायला सुरुवात केली, आणि गिरगाव-फोर्टच्या वाड्यावाड्यांतून विरोध उभा राहिला.

हा विरोध आपण आज 'अंधश्रद्धा' म्हणून झटकून टाकू, पण तेव्हा पालिकेत असलेले आणि पुढे मुंबईचे आयुक्त झालेले रुस्तम मसानी यांनी तसं केलं नाही. या प्रकरणात त्यांच्या कानावर विहिरींबद्दलच्या इतक्या कथा आल्या की १९१८ मध्ये त्यांनी विहिरींच्या लोककथांवर एक आख्खं पुस्तक लिहिलं. विहिरीत रखवालदार आत्मे राहतात, विहीर बुजवली तर घरावर कोप होतो, अशा समजुती हिंदू, पारशी, मुसलमान सगळ्यांच्यात होत्या. पारशांना तर धर्मविधींसाठी विहिरीचं पाणी लागायचं. चर्चगेटची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर आजही पूज्य आहे. नोटीस बजावणाऱ्या खात्यातल्याच माणसाने नोटिशीला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं इतकं मनापासून टिपून ठेवावं, याचं मला फार कौतुक वाटतं. आपल्याकडे बग रिपोर्ट करणाऱ्या युजरचं म्हणणं एवढ्या प्रेमाने कोण ऐकतं?

तर अडचण अशी. विहीर बुजवायची नाही, बंद करायची नाही. मग उघड्या विहिरीतल्या अळ्या खायला कोणीतरी हवं. इथे मासा येतो.

मासा निवडताना तीन उमेदवार होते, आणि या तिघांना वेगळं ओळखणं हाच या लेखाचा खरा विषय.

पहिला गप्पी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो भारतात आला. दुसरा गँबुसिया, मूळचा उत्तर अमेरिकेतला, गप्पीच्याच कुळातला. तो १९२८ मध्ये इटलीतून भारतात आणला गेला. त्याच वर्षी गॉर्डन कॉव्हेल यांचा मुंबईच्या मलेरियावरचा दुसरा मोठा अहवालही आला. तिसरा उमेदवार इथलाच. १९३६ मध्ये बैनी प्रसाद आणि सुंदरलाल होरा या दोघा भारतीय प्राणिशास्त्रज्ञांनी अळ्या खाऊ शकतील अशा भारतातल्या माशांचा आढावा घेतला. म्हणजे देशी माशांचा विचार झाला नव्हता असं नाही. पण परदेशी मंडळींकडे एक जबरदस्त हुकमी पत्ता होता. ते अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात.

मलेरिया खात्याच्या नजरेतून हे केवढं सोयीचं! अंड्यांसाठी पाणवनस्पती नको, विशिष्ट तळ नको. नराशी एकदा संबंध आला की मादी त्याचे शुक्राणू महिनोन् महिने साठवून ठेवते आणि साधारण चार-चार आठवड्यांनी पिल्लांची खेप देत राहते. त्यामुळे विहिरीत एक गाभण मादी पडली तरी वसाहत उभी राहू शकते. इन्स्टॉल करा आणि विसरा.

थेट पिल्लं द्यायची तर नराकडे शुक्राणू आत पोचवायचं साधन हवं. ते त्याच्या पोटाखालच्या पराचं, म्हणजे गुदपराचं बनलेलं असतं. माशाचा पर हातपंख्यासारखा असतो, काड्या आणि त्यांच्यामधला पातळ पडदा. पिल्लू असताना नर-मादी दोघांचा गुदपर सारखाच, पंख्यासारखा असतो. नर वयात येताना समोरून तिसरी, चौथी आणि पाचवी काडी लांबते, जाड होते आणि तिघी मिळून एक दांडी तयार होते. हे 'गोनोपोडियम'. एरवी ती शेपटीच्या दिशेने वळलेली असते, वेळ आली की नर ती पुढे फिरवतो.

आता गंमत बघा. ही सगळी मासे-मंडळी दिसायला एकसारखी. बोटाच्या पेराएवढी, राखाडी, वर वळलेलं तोंड. रंग बघावा तर एकाच जातीत दहा तऱ्हा. खवले मोजावेत तर आकडे एकमेकांत मिसळतात. एकोणिसाव्या शतकात याच कारणाने नावांचा एवढा घोळ झाला. मग १९१३ मध्ये लंडनच्या म्युझियममधले चार्ल्स टेट रेगन यांनी या अख्ख्या गटाची फेरमांडणी केली, ती प्रामुख्याने या दांडीच्या टोकाकडे बघून. माशाच्या इतर अंगात जे फरक सापडत नाहीत, ते त्या काही मिलिमीटरच्या टोकात ठळक असतात. कुठे आकडे, कुठे काटे, कुठे करवतीसारखे दात, कुठे मऊ मांसल टोपी.

गँबुसियाच्या टोकाला चौथ्या आणि पाचव्या काडीला आकडे असतात, तिसरीवर काटे, आणि चौथीच्या एका फाट्याला चक्क कोपर, म्हणजे काडी एका ठिकाणी कोपरासारखी बाहेर आलेली. गप्पीमध्ये ते कोपर नाही. त्याऐवजी तिसऱ्या काडीच्या खालच्या बाजूने एक मांसल टोपी येते. रेगन यांनी गप्पीला 'लेबिस्टेस' या वेगळ्या वंशात ठेवलं, आणि बरीच वर्षं कागदोपत्री तेच नाव चाललं. १९६३ मध्ये रोझेन आणि बेली या अमेरिकन जोडीने पुन्हा सगळ्या कुळाची हाडं, पर आणि दांड्या तपासल्या आणि सांगितलं की गप्पीची दांडी मुळात मॉलीच्याच घाटाची आहे, वेगळा वंश कशाला? 'लेबिस्टेस' हा वंश 'पोइसिलिया'मध्ये विलीन. म्हणजे शंभरेक वर्षं फिरून गाडी पीटर्स यांच्या १८५९ च्या नावावर परत आली. आम्ही याला रोलबॅक म्हणतो.

दक्षिण अमेरिकेत तर या एका अवयवावर निसर्गाने केवढे प्रयोग करून ठेवलेत! दोन उदाहरणं देतो.

दक्षिण ब्राझील-उरुग्वे भागात 'फॅलोसेरॉस' नावाचे बारकेसे मासे असतात. एकोणिसाव्या शतकापासून सगळे त्यांना एकच जात समजत होते. पाउलो लुसिंदा यांनी नरांच्या दांडीच्या टोकावरचे शिंगांसारखे उपांग आणि माद्यांची जननरंध्राजवळची रचना बारकाईने तपासली आणि २००८ मध्ये जाहीर केलं की ही एक जात नाही, बावीस आहेत. एकवीस नव्या जाती एका फटक्यात!

दुसरं उदाहरण 'जेनिन्सिया' आणि त्याचा भाऊबंद, चार डोळ्यांचा म्हणून प्रसिद्ध असलेला 'अ‍ॅनाब्लेप्स'. हेही पिल्लं देणारे, यांच्याही नराला गुदपराचीच दांडी. पण गप्पीच्या दांडीसारखी ती पन्हळीच्या घाटाची नाही, काड्या एकमेकींभोवती वळून तिची नळी झालेली असते. आणि ही नळी काही नरांत डावीकडे वळते, काहींत उजवीकडे. अ‍ॅनाब्लेप्सच्या माद्यांमध्येही रंध्र एका बाजूने खवल्याने झाकलेलं, कुणाचं डावीकडून, कुणाचं उजवीकडून. त्यामुळे डावरा नर आणि उजवी मादी असंच जमायला हवं, अशी मांडणी सॅम्युएल गारमन यांनी १८९० च्या दशकात केली. चार्जर आणि पोर्ट जुळत नसल्याचं दुःख आपल्यालाच आहे असं नाही. असो.

पण या दांडीचा खरा हिसका पुढच्या गोष्टीत आहे.

गँबुसियाच्या दोन सख्ख्या जाती आहेत, अफिनिस आणि होलब्रूकी. बराच काळ होलब्रूकीला अफिनिसची नुसती पोटजात समजत, आणि मलेरियावाले लोक सरसकट 'अफिनिस' लिहीत. १९८८ मध्ये अनुवंशशास्त्राच्या आधारे दोघी स्वतंत्र जाती ठरल्या. डोळ्यांनी ओळखायच्या तर खुणा अशा. अफिनिसच्या पाठीवरच्या परात बहुधा सहा काड्या, होलब्रूकीत सात. आणि होलब्रूकी नराच्या दांडीच्या तिसऱ्या काडीवर बारीक दात असतात, अफिनिसमध्ये ते नसतात.

आता भारतातली गँबुसिया इटलीतून आली. इटलीत ती १९२२ मध्ये स्पेनमधून आली होती आणि स्पेनमध्ये १९२१ मध्ये अमेरिकेतून. आणि युरोपातल्या या माशांची आधुनिक तपासणी केली तेव्हा ते होलब्रूकी निघाले. म्हणजे ज्या वाटेने आपल्याकडे मासा आला, त्या वाटेवर दुसरीच जात चालत होती. मग आपल्याकडच्या असंख्य कागदांवर लिहिलेलं 'अफिनिस' कितपत खरं? १९२८ मध्ये चिकटवलेलं लेबल पुढचा प्रत्येक जण कॉपी-पेस्ट करत गेला असेल, तर पिशवी उघडून काड्या मोजायची तसदी कोण घेणार? हार्डकोड केलेली व्हॅल्यू अशीच जगते.

एवढं वाचून झाल्यावर रविवारी सकाळी मी पिशवीतले मासे काचेच्या बरणीत घेतले आणि ट्यूबलाईटसमोर ठेवले. पहिली शंका लगेच आली. पन्नासात एकही रंगीत नाही. गटारातला गप्पी असला तरी नराच्या अंगावर एखादा नारिंगी, काळा ठिपका असतोच. इथे नर होते, दांड्या स्पष्ट दिसत होत्या, पण अंग कोरं राखाडी. दुसरं, शेपटीच्या परावर बारीक काळ्या ठिपक्यांच्या आडव्या ओळी. गप्पीच्या मादीची शेपटी साधी असते. तिसरं, पाठीवरचा पर गुदपराच्या बराच मागे सुरू होत होता. सर्किट बोर्ड बघायला घेतलेला स्वस्तातला यूएसबी मायक्रोस्कोप बाहेर काढला. बशीत थोडं पाणी घेऊन एक नर आडवा धरला (दहा सेकंदच हं, लगेच परत सोडला), फोटो काढला आणि मोठा करून बघितला. टोकाला आकडे. अलीकडे कोपर.

पिशवीत गप्पी नव्हता. गँबुसिया होती. तिसऱ्या काडीवरचे दात माझ्या मायक्रोस्कोपच्या आवाक्याबाहेरचे होते, त्यामुळे कुठली गँबुसिया ते मी सांगत नाही. पण तेवढंही पुरेसं होतं, कारण जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत जे मोजके मासे आहेत, त्यात गँबुसिया अफिनिस आहे. अळ्या ती खाते, पण इतर माशांची अंडी आणि पिल्लंही खाते, मोठ्यांचे पर कुरतडते. हे बाबतीत होलब्रूकीही तिची बहीण शोभते. गप्पीही परका आहे आणि नद्या-ओढ्यांत सोडू नये असाच, पण भांडखोरपणात गँबुसियाची सर त्याला नाही.

मग विहिरीतले टिकलीवाले कोण? त्यांच्या फोटोंसाठी सेल्फी स्टिक वापरली, सोसायटीत हसं झालं, पण फोटो आले. चपटी पाठ, वर वळलेलं तोंड, पाठीवरचा पर पार शेपटीजवळ, अंगाच्या मागच्या भागात उभे पट्टे, डोक्यावर चांदीची टिकली. 'अप्लोकेइलस लिनिअ‍ॅटस'. हाच तो तिसरा उमेदवार. आणि गंमत म्हणजे १८४६ मध्ये पॅरिसच्या व्हॅलेंसिएन यांनी या जातीचं पहिलं वर्णन केलं, ते मुंबईच्या नमुन्यांवरून! जगाच्या पाठीवर कुठेही हा मासा ओळखायचा, तर मूळ पत्ता आपल्या गावचा.

याचा नर दांडी वागवत नाही. गुदपर साधा पंख्यासारखा, मादी पाणवनस्पतींत अंडी घालते. १९८१ मध्ये लिन पॅरेंटी यांनी या सगळ्या गणाची शारीरिक लक्षणांवरून दोन मोठ्या फांद्यांत वाटणी केली. एका फांदीवर गप्पी, गँबुसिया, जेनिन्सिया वगैरे. दुसरीवर आपला टिकलीवाला. दुसऱ्या फांदीची ओळख म्हणजे डोळ्याच्या कडेची त्वचा डोळ्याला सलग जोडलेली आणि पुढची नाकपुडी नळीसारखी. आणि या लक्षणांचे त्याचे नातेवाईक राहतात कुठे? आफ्रिकेत, मादागास्करला, आणि थेट दक्षिण अमेरिकेत! तिथल्या 'रिव्ह्युलिडी' कुळातल्या काही माशांची अंडी तर डबकं सुकल्यावर चिखलात महिनोन् महिने तग धरतात आणि पावसाबरोबर फुटतात. १९९७ मधल्या डीएनए अभ्यासाने दाखवलं की भारत-मादागास्करची शाखा आधी वेगळी झाली, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या शाखा एकमेकींना जास्त जवळच्या. गोंडवन खंड फुटण्याच्या क्रमाशी हे जुळतं. म्हणजे अमेरिकेतून बोटीने आलेला पाहुणा आम्ही विहिरीत सोडणार होतो, आणि विहिरीत बसलेल्याचे दक्षिण अमेरिकेतले भाऊबंद कोट्यवधी वर्षांपूर्वीच, बोटीशिवाय, वेगळे झाले होते.

हे सगळं ठीक. पण शेजारचा पोरगा तापाने फणफणला होता, त्याचं काय? त्याच्या आईला मी गोंडवनाची गोष्ट सांगणार होतो का? खरं सांगतो, रविवारी रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. माझ्या हौशी ज्ञानापायी विहीर तशीच ठेवली आणि उद्या अजून एक पोर आजारी पडलं तर? जुन्या माशांवर दया दाखवायचा हक्क मला कोणी दिला?

सोमवारी सकाळी पालिकेच्या कीटकनाशक विभागाचा एक कर्मचारी आला. पन्नाशीचे, पांढऱ्या मिशांचे, अंगावर पावसाने भिजलेला शर्ट. मी चाचरत त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, लांब दांड्याच्या डोयीने विहिरीतून पाणी काढलं, पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं. एकदा, दोनदा, दहादा. अळी एकही नाही. "हे मासे काम करतायत तुमचे," ते म्हणाले. "गच्चीची चावी द्या."

गच्चीवरच्या चार टाक्यांपैकी एकीचं झाकण तुटलेलं होतं आणि वर कोणीतरी पत्र्याचा तुकडा ठेवून दिला होता. त्या टाकीच्या पहिल्याच डोयीत अळ्या होत्या. पाण्याला समांतर, आडव्या तरंगणाऱ्या. अ‍ॅनोफिलीसची अळी अशीच आडवी असते, बाकीच्या डासांच्या अळ्या डोकं खाली करून लोंबकळतात. म्हणजे ओळख पुन्हा शरीराच्या ठेवणीवरूनच. आम्ही सगळे विहिरीकडे बोट दाखवत होतो आणि स्टीफेन्साय सातव्या मजल्यावर राहायला गेला होता. बेंटलींच्या काळात विहिरीतला डास विहिरीत सापडला. शंभर वर्षांत पाणी वर चढलं, डासही चढला. २०१० मध्ये मुंबईत मलेरियाची मोठी साथ आली होती तेव्हा बांधकामांच्या जागी साठलेल्या पाण्याकडेही असंच बोट दाखवलं गेलं होतं.

दुपारी नवं झाकण आलं. बोल्ट घट्ट करायला अर्थातच इंजिनियरला बोलावलं :) पुढच्या आठवड्यांत नवा पेशंट निघाला नाही. झाकणामुळेच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, औषधफवारणीही झाली होती. पोरगा पंधरा दिवसांत पुन्हा जिन्यावरून धडधडायला लागला, एवढं मात्र खरं.

गँबुसिया आता माझ्या बाल्कनीत एका मोठ्या टाकीत आहेत. सोडता येत नाहीत, मारवत नाहीत. पिल्लं होतातच, मोठे त्यातली बरीच खातात, त्यामुळे आकडा आपोआप आवरतो. आई म्हणते, विहिरीतलं भूत तू घरात आणून ठेवलंस.

आणि विहीर तशीच उघडी आहे. शेजारचा पोरगा कधीकधी टॉर्च मागायला येतो आणि कठड्यावरून टिकल्या मोजतो. परवा त्याने विज्ञानाच्या वहीत मासा काढलेला दाखवला, प्रश्न तोच, डासांचे निर्मूलन. तोंड बंद होतं. डोक्यावर मात्र चंदेरी स्केचपेनने एक ठिपका होता.